निसर्गाचा दाखला आणि बाईची मजुरी



कामगार संघटनेचा कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला, म्हणजे तो महागाईवर, कंत्राटी पद्धतीवर, नाही तर बंदरातल्या नोकरभरतीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. आणि ती वाजवीच आहे. आज मात्र मी एका शास्त्राविषयी बोलणार आहे. त्या शास्त्राचे नाव उत्क्रांतिवादी मानसशास्त्र. त्याचे आणि स्त्रीवादी विचाराचे गेली पन्नास वर्षे भांडण चालू आहे. मी या शास्त्राचा पदवीधर नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे कच्चेपणा दिसला तर तो माझा समजावा. शास्त्राचा समजू नये.

मी या विषयाकडे वळलो त्याला एक कारण घडले. ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझाही दोष आहे.

सन २००६ मधली गोष्ट. आपल्याच तालुक्यातल्या एका गोदामात परदेशी जाणारा माल निवडून, खोक्यांत भरून, त्यावर चिठ्ठ्या लावण्याचे काम चाले. एकाच लांब टेबलाशी पुरुषही उभे असत आणि बायकाही. पुरुषांचे नाव हजेरीपुस्तकात ‘पॅकर’ म्हणून लिहिले जाई, बायकांचे ‘हेल्पर’ म्हणून. करार करण्याची वेळ आली तेव्हा मालकाच्या बाजूने बोलणारा गृहस्थ चांगला शिकलेला होता. बायकांचा दर कमी का, असे मी विचारताच त्याने इंग्रजी वर्तमानपत्रातले एक कात्रण पुढे केले. पुरुष हा स्वभावतःच चढाओढ करणारा, जोखीम घेणारा. बाई स्वभावतःच सुरक्षित, हलके काम पसंत करणारी. हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे, मालकाची त्यात काही लबाडी नाही, असे त्याचे म्हणणे. माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकूण वाढ बरी मिळत होती. मी सही केली. दिवसाला वीस रुपयांचा फरक कायम राहिला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी एका वयस्क काकींनी मला थांबवले. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, वाणी आम्हाला तांदूळ कमी भावाने देतो का?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले, त्याचे सार आज आपल्यापुढे मांडतो.

शास्त्राचे म्हणणे

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच बाजूने, पुरतेपणी मांडले पाहिजे. वाटाघाटीच्या टेबलाशी मी एवढे शिकलो आहे की, ज्याचे म्हणणे आपण नीट मांडू शकत नाही, त्याला आपण नीट उत्तरही देऊ शकत नाही.

आपले शरीर उत्क्रांतीने घडले, ही गोष्ट आता कोणी शहाणा माणूस नाकारीत नाही. हे शास्त्र म्हणते, शरीर घडले तसेच मनही घडले. माणसाने शेती सुरू केली त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली. त्याआधी लाखो वर्षे माणूस शिकारीवर आणि कंदमुळांवर जगला. आपल्या मनाच्या खोडी त्या दीर्घ काळात पडल्या आहेत. उदाहरण घ्या. आपल्या रस्त्यांवर रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर धावतात. पोराला ट्रेलरची भीती पुनःपुन्हा शिकवावी लागते. सापाची भीती मात्र चटकन बसते. साप जुना आहे, ट्रेलर नवा आहे.

हाच विचार स्त्रीपुरुषांना लावला जातो. डार्विनने १८७१ साली ‘मानवाचा अवरोह’ या विषयावरील आपल्या ग्रंथात नरांची चढाओढ आणि माद्यांची निवड यांचे विवेचन केले. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला हिशेबी रूप दिले. त्याचा हिशेब असा : एका अपत्यामागे स्त्रीला नऊ महिने गर्भ वाहावा लागतो, पुढे अंगावर पाजावे लागते, पुरुषाचा सक्तीचा खर्च त्या मानाने नगण्य. ज्याची गुंतवणूक मोठी, तो पारखून व्यवहार करणार; ज्याची लहान, तो संधीसाठी दुसऱ्यांशी झगडणार. म्हणून नर झुंजार आणि मादी चोखंदळ.

या तर्काला पुरावाही आहे. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८८ साली खुनांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. देश कोणताही असो, पुरुषाने पुरुषाचा केलेला खून हा बाईने बाईच्या केलेल्या खुनापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतो. डेव्हिड बस याने ३७ समाजांतल्या दहा हजारांहून अधिक व्यक्तींना जोडीदाराविषयी विचारून केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध केली. पुरुषांनी वयाने लहान व रूपवान बायको अधिक पसंत केली. बायकांनी कमावत्या नवऱ्याला अधिक महत्त्व दिले. आपल्याला हे कळायला परदेशी पाहणी कशाला हवी? रविवारच्या वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिराती उघडाव्यात. मुलगी गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष. मुलगा कायम नोकरीचा, स्वतःची जागा असलेला. या पाहणीतली आणखी एक गोष्ट मात्र कात्रणवाले सांगत नाहीत. स्वभावाचा चांगुलपणा आणि समजूतदार बुद्धी यांना स्त्रिया व पुरुष या दोघांनीही फार वरचे स्थान दिले होते.

मोजले कोणी आणि कोणाला?

आता दुसरी बाजू. स्त्रीवादी अभ्यासकांनी केवळ संतापून या शास्त्राला उत्तर दिले, असे समजणे चूक आहे. त्यांतल्या कित्येक जणी स्वतः उत्क्रांतिशास्त्राच्याच अभ्यासक होत्या, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. तुम्ही पाहिले कोणाला, आणि किती वेळ?

आपल्या ओळखीचे वानर घ्या, काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. धारवाडच्या रानात १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने या वानरांच्या टोळ्यांचे निरीक्षण केले. बाहेरचा नर टोळीवर कब्जा करतो आणि अंगावरची पिले मारून टाकतो, हे त्याने नोंदवले. पुढे सारा हर्डी ही अमेरिकन विदुषी अबूच्या पहाडावर येऊन राहिली. तिचे ‘अबूचे वानर’ हे पुस्तक १९७७ साली निघाले. तोवरच्या वर्णनांत नर झुंजत आणि माद्या निमूटपणे बक्षीस म्हणून वाट्याला येत. हर्डीने माद्यांकडेही तितक्याच चिकाटीने पाहिले, तेव्हा चित्र पालटले. माद्या आपसांत चढाओढ करतात. म्हाताऱ्या माद्या पिलांसाठी नरावर चाल करून जातात. टोळीबाहेरच्या नरांशीही माद्या संग करतात, आणि मग पिलू कोणाचे हा नराला संभ्रम पडल्याने ते वाचण्याचा संभव वाढतो. सारांश, निमूट मादी ही रानात नव्हती. पाहणाऱ्याच्या वहीत होती.

दुसरे उदाहरण माशीचे आहे. नर झुंजार, मादी चोखंदळ या सिद्धांताचा एक पाया म्हणजे बेटमन याने १९४८ साली प्रसिद्ध केलेला फळमाश्यांवरील प्रयोग. नराने जितक्या अधिक माद्या मिळवल्या, तितकी त्याची प्रजा अधिक. मादीला त्याचा तसा लाभ नाही, असा त्याचा निष्कर्ष. साठेक वर्षे तो पाठ्यपुस्तकांत चालला. पॅट्रिशिया गोवाटी आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा करून २०१२ साली दाखवून दिले की, मोजण्याच्या रीतीतच खोट होती. आईबाप ओळखण्यासाठी ज्या व्यंगांच्या खुणा वापरल्या होत्या, ती दोन्ही व्यंगे ज्यांच्यात उतरली ती पिले मोजणीआधीच मरत होती. हिशेबाची वही गळकी, आणि तिच्यावर सिद्धांताची इमारत! सिद्धांत सर्वस्वी खोटा ठरला असे नव्हे; पण तो वाटला होता तितका पक्का नाही, एवढे निश्चित झाले.

तिसरी गोष्ट शिकारीची. पुरुषाने हरिण मारून आणावे आणि बाईने गुहेत चूल सांभाळावी, हे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. कालाहारी वाळवंटातल्या लोकांचा रिचर्ड ली याने अभ्यास केला, तेव्हा आढळले की त्यांच्या आहारातला निम्म्याहून अधिक भाग हा वनस्पतींचा, आणि तो बहुतांशी बायका गोळा करून आणतात. फिलिपाइन्समधल्या आग्ता लोकांत बायका स्वतः शिकारीला जातात. पेरू देशात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. मृताजवळ शिकारीची हत्यारे ठेवलेली होती आणि मृत व्यक्ती तरुण स्त्री होती, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. गुहेत बसलेली बाई म्हणजे सगळ्या मानवजातीचा भूतकाळ, हे त्यामुळे म्हणता येत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्या कात्रणातल्या चढाओढीला ती नेमके उत्तर देते. तीन अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा खेळ दोन समाजांत खेळवला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध केले. दहा वेळा चेंडू बादलीत टाकायचा. दर नेमाला ठरावीक पैसे घ्या. किंवा न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी पैज लावा, जिंकलात तर तिप्पट, हरलात तर काही नाही. टांझानियातल्या मसाई लोकांत घरावर पुरुषाची सत्ता. तिथे पैज लावणारे पुरुष शेकडा ५० आणि बायका शेकडा २६ निघाल्या. आपल्या मेघालयातल्या खासी लोकांत वंश आईकडून चालतो आणि घर धाकट्या मुलीकडे जाते. तिथे पैज लावणाऱ्या बायका शेकडा ५४ आणि पुरुष शेकडा ३९! बाईचे शरीर दोन्हीकडे तेच. पाठीशी घर कोणाचे, एवढाच भेद.

बसच्या त्या ३७ समाजांच्या आकड्यांचीही अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वुड या दोघींनी १९९९ साली फेरतपासणी केली. ज्या देशांत स्त्रीपुरुषांची स्थिती अधिक समान, तिथे बायकांची कमावत्या नवऱ्याची ओढ आणि पुरुषांची गृहिणीची ओढ, दोन्ही कमी आढळल्या. सगळे फरक पुसले गेले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीपण जो फरक परिस्थितीबरोबर वरखाली होतो, त्याला अटळ म्हणता येत नाही.

आपल्याकडची परंपरा

हा सगळा वाद परदेशात जन्मला आणि आपण तो आयात केला, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. डार्विनचा तो ग्रंथ १८७१ चा. त्यात बुद्धीच्या कामांत पुरुष स्त्रीच्या पुढे जातो, असे त्याने लिहिले होते. त्याला अँटॉइनेट ब्लॅकवेल या अमेरिकन बाईने १८७५ साली उत्तर दिले. आणि १८८२ साली आपल्या वऱ्हाडात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली.

ताराबाईंचा वाद डार्विनशी नव्हता. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांत बायकांच्या जातीलाच नावे ठेवण्याची लाट आली, त्या लाटेशी त्यांचा वाद होता. पण त्यांची रीत पाहा. बाई कपटी, चंचल, अविचारी, असे जे जे दोष स्त्रीस्वभाव म्हणून सांगितले जात, ते एकेक उचलून त्या पुरुषाशेजारी ठेवतात आणि विचारतात, हे इथे नाहीत काय? नावच ‘तुलना’. एका बाजूची पाहणी म्हणजे तुलना नव्हे, ही हर्डीच्या वानरांची गोष्ट ताराबाईंनी ९५ वर्षे आधी सांगितली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. बाकी समाजाने पुस्तक विसरून टाकले, स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापून आणले, म्हणून आपल्याला मिळाले.

दुसरे नाव इरावती कर्वे. बाई बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि ते त्याच्या वरचढ बुद्धीचे लक्षण आहे, असे फिशरचे अनुमान होते. ते सिद्ध करण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि १९३० च्या सुमारास सांगितले की, वंशावरून असा फरक दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण मराठी बाईने मोजपट्टीचा मान राखला. इथे विषय स्त्रीपुरुषांचा नव्हता, वंशांचा होता. पण शरीरावरून पायरी ठरविण्याची हाव तीच होती, आणि तिच्यावरचा उपायही तोच : पुन्हा, नीट, प्रामाणिकपणे मोजणे.

म्हणून मी म्हणतो, शास्त्राला भिण्याचे कारण नाही. अर्धवट शास्त्राला भ्यावे.

आपल्या अंगणातले

आता उरणकडे येऊ. करंजा किंवा मोरा इथल्या कोळीवाड्यात पाहा. नाखवा समुद्रावर जातो. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचा व्यवहार कोळणीचा. लिलावात बोली तिची, बाजारात वाटा लावणार ती, उधारी ठेवणार आणि वसूल करणार ती. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना तिचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला ‘स्त्री स्वभावतः चढाओढ टाळते’ हे वाक्य वाचून हसू आवरणार नाही. ती बाजारात असते तेव्हा पोर आजीजवळ असते, नाही तर आत्याजवळ. हर्डीने २००९ सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडले आहे की, माणसाचे पिलू इतके खर्चिक आहे की एकट्या आईच्या बळावर ते कधी वाढलेच नसते. आजी, मावशी, थोरली बहीण, बाप अशा अनेक हातांनी मानवजात वाढली. आई आणि चूल एवढेच निसर्गाचे चित्र असते, तर आपण कोणीच इथे नसतो.

अर्थात कोळीवाड्याचे गोडवे गाऊन थांबणे बरोबर नाही. पैशाची पिशवी कोळणीच्या कमरेला असली, तरी होडी बहुधा नवऱ्याच्या नावावर असते आणि सोसायटीच्या कमिटीत खुर्च्या पुरुषांच्या असतात.

मिठागरांची गोष्ट याहून बोलकी आहे. आता उरणची बरीच मिठागरे भरावाखाली गेली. पण जुन्या माणसांना आठवत असेल. खाजणात मीठ ओढण्याचे काम पुरुषाचे, आणि ओल्या मिठाच्या टोपल्या डोक्यावरून राशीपर्यंत वाहण्याचे काम बायकांचे. भर उन्हात, बांधावरून, अनवाणी. यातले जड काम कोणते आणि हलके कोणते? काम हलके म्हणून बाईला दिले जाते, असे आपण समजतो. पुष्कळ वेळा उलट घडते : बाईला दिले, म्हणून ते हलके ठरते.

स्त्रीवाद्यांना एक विनंती

इथवर ऐकून स्त्रीवादी मंडळींना वाटेल की, हा आपला वकील आहे. वकील आहेच, पण अशिलालाही चार शब्द सांगणे वकिलाचे कर्तव्य असते.

‘स्त्रीपुरुषांत शरीराचा म्हणून काहीच फरक नाही, जो आहे तो सगळा समाजाने लादलेला’ ही भूमिका घेऊ नये. एक तर ती खरी नाही. गरोदरपण समाजाने लादलेले नाही. दुसरे म्हणजे ती धोक्याची आहे. बाईचा हक्क ‘फरक नाही’ या खुंटीवर टांगला, की उद्या कोणी एखादा खरा फरक मोजून दाखवील आणि हक्क खाली पडेल.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बाबतीत शिकण्याजोगा आहे. १९२० नंतरच्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. वाइंडिंग आणि रिळिंग खाती म्हणजे मुख्यतः बायकांची, त्यांच्यावर देखरेखीला नायकीण. बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा प्रश्न आला, तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला तो या प्रकारचा पहिला. हा कायदा म्हणजे शरीरातल्या फरकाची कबुलीच होती, आणि ती न्यायाची होती.

पण त्याच कबुलीचा मालकांनी दुसरा अर्थ लावला : बाई महाग पडते. पुढे नवी यंत्रे आली, पाळ्या वाढल्या. बायकांना रात्रपाळीस कायद्याने मनाई होती. खात्यामागून खाते पुरुषांकडे गेले आणि बायकांचा हिस्सा घटत राहिला. आमच्या संघटनांनी तेव्हा काय केले? कुटुंब पुरुषाने पोसायचे, बाईची कमाई वरकड, हे मालकाचे मत पुष्कळ पुढाऱ्यांचेही होते. फरक दाखवून हक्क मिळवावा, तर फरक दाखवूनच कामावरून काढले जाते. आणि फरक नाकारावा, तर बाळंतपणाची रजा मागायची कशाच्या आधारावर? या पेचात आमची बाई शंभर वर्षे सापडली आहे.

यातून सुटण्याची वाट मला एकच दिसते. गरज हा एक प्रश्न आहे आणि कामाचे मोल हा दुसरा प्रश्न आहे. बाळंतपणाची रजा गरजेपोटी असते, आणि तिचा भार एकट्या बाईने का सोसावा? पुढची पिढी सगळ्यांचीच आहे. मजुरी मात्र कामाची असते, कामगाराच्या स्वभावाची नव्हे. उद्या शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले की सरासरी पुरुष सरासरी बाईपेक्षा अधिक पैजा लावतो, तरी टेबलाशी उभ्या असलेल्या बाईने भरलेले खोके त्यामुळे रिकामे होत नाही. सरासरी कधी हजेरी लावीत नाही. हजेरी माणूस लावतो, आणि मजुरी त्याच्या हातात पडावी लागते.

कायद्याचा निकाल

हे तत्त्व आपल्या देशात कायद्याने मान्य केले आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला; पुढे २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावला गेला. पण कायदा पुस्तकात असतो तोवर त्याला दात नसतात. ऑड्री डिकॉस्टा या मुंबईतल्या लघुलेखिका. मॅकिनन मॅकेंझी या जहाज व्यवसायातल्या कंपनीत त्या नोकरीला होत्या. तिथे लघुलेखन करणाऱ्या बायकांना त्याच कामाच्या पुरुषांपेक्षा कमी पगार होता. बायकांची जागा निराळी, काम निराळे, असा कंपनीचा बचाव. आणि हा फरक कर्मचारी संघटनेशी झालेल्या करारातूनच आला, असाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बचाव फेटाळले. नाव बदलल्याने काम बदलत नाही, आणि करार कायद्यावर मात करू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

हा निकाल मी वाचला तो माझी सही होऊन गेल्यानंतर. ‘पॅकर’ आणि ‘हेल्पर’ हे तेच होते. कायदा तेव्हाही होता, निकाल तेव्हाही होता. मला ठाऊक नव्हता, कारण ‘बायकांचा स्वभावच तसा’ हे वाक्य ऐकल्यावर पुढे शोधण्याची मला गरजच वाटली नाही. निसर्गाचा दाखला पुढे आला की माणूस चौकशी थांबवतो. त्यातच त्या दाखल्याचे सारे बळ आहे.

आपल्याच तालुक्यात, घारापुरीच्या लेण्यात, अर्धनारीनटेश्वराची थोर मूर्ती आहे. एकच देह; अर्धा पुरुष, अर्धी स्त्री. स्त्रीच्या बाजूच्या हातात आरसा आहे, पुरुषाच्या बाजूच्या हातात नाग. दगड दोन्हीकडे एकच आहे. आरसा कोणाच्या हाती द्यायचा आणि नाग कोणाच्या, हे शिल्पकाराने ठरवले. पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन जाल तेव्हा तेवढे पाहून या.

तात्पर्य, ‘निसर्गच असा’ असे कोणी सांगितले, म्हणजे आपण तीन प्रश्न विचारावेत. पाहिले कोणाला? परिस्थिती पालटली तर हे पालटते का? आणि हे खरे असले, तरी त्यावरून तुम्ही जे मागता आहात ते निघते का? पहिले दोन प्रश्न शास्त्राचे आहेत आणि त्यांची उत्तरे शास्त्रज्ञांनी द्यावीत. जी येतील ती आपण निमूट स्वीकारू. तिसरा प्रश्न आपला आहे. त्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

त्या गोदामात तीन वर्षांनी नवा करार झाला. ‘हेल्पर’ हा शब्द निघाला आणि टेबलाशी उभे राहणाऱ्या सगळ्यांना एक दर मिळाला. मागच्या तीन वर्षांचा फरक मात्र मिळाला नाही. त्या काकी तोवर काम सोडून गेल्या होत्या. वीस रुपये रोज, तीन वर्षे. हा हिशेब माझ्या सहीने बुडाला आहे, आणि तो मी माझ्या वहीत लिहून ठेवला आहे. वाण्याने त्या काळात त्यांना तांदूळ पुऱ्याच भावाने दिला.